पैसे कट झाले, ऑर्डर कुठे आहे?

पैठणी, कोल्हापुरी चपला, हापूसच्या पेट्या, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ, काहीही असो; घरगुती धंदा ऑनलाइन न्यायचा ठरला की पैसे घेण्याची सोय हा विषय बहुधा सगळ्यात शेवटी निघतो. फोटो काढून होतात, भाव ठरतात, कुरिअरवाल्याशी बोलणे होते आणि मग वेबसाइट करून देणारा विचारतो, 'वॉलेट कोणकोणती टाकायची?' दुकानदार स्वतःच्या मोबाइलमध्ये असलेली दोन-तीन नावे सांगतो आणि विषय मिटतो. माझ्या मते हा प्रश्न आता जुना झाला आहे. आजच्या भारतात एखादे डिजिटल वॉलेट दुकानाला स्वतंत्रपणे जोडून घेण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. ते पेमेंट ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे कार्ड, यूपीआय, वॉलेट असे सगळे मार्ग एकाच जोडणीत देऊन दुकानासाठी पैसे गोळा करणाऱ्या कंपनीमार्फत, मिळणाऱ्या पर्यायांतली एक ओळ म्हणून घ्यावे, आणि त्यातून वाचलेली मेहनत ग्राहकाने पैसे दिल्यानंतरच्या कामावर खर्च करावी. पैसे खरोखर आले का, कोणत्या ऑर्डरचे आले, परत करायचे झाले तर कुठे जातील, ही ती कामे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्रात जे झाले ते पाहिले तर दुसऱ्या निष्कर्षाला येणे कठीण आहे.

वॉलेट आले ते एका खऱ्या अडचणीवर उपाय म्हणून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण त्या काळचे मोबाइल नेटवर्क, उशिरा येणारा ओटीपी आणि मध्येच दम तोडणारी नेटबँकिंगची पाने यांमुळे भरलेली टोपली तशीच सोडून ग्राहक निघून जाई. वॉलेटमध्ये हा त्रास पैसे भरताना एकदाच व्हायचा. पुढची खरेदी झटपट. २००९ मध्ये सुरू झालेले मोबिक्विक, मोबाइल रिचार्जमधून वाढलेले फ्रीचार्ज, २०१४ मध्ये आलेले पेटीएमचे वॉलेट ही सगळी त्याच गरजेची अपत्ये. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने त्यांना एकदम घराघरांत नेले. मात्र या व्यवस्थेत एक मूळचा दोष होता. एका वॉलेटमधला रुपया दुसऱ्या वॉलेटमध्ये जात नसे. म्हणजे ग्राहकाकडे जे वॉलेट असेल तेच दुकानाकडेही असावे लागे, आणि दुकानाला प्रत्येक कंपनीशी वेगळा करार, वेगळी कागदपत्रे, वेगळी तांत्रिक जोडणी आणि वेगळा हिशेब ठेवावा लागे. चेकआउटच्या पानावर चार-पाच लोगो मिरवण्याची पद्धत त्या काळातली आहे. सवय राहिली, कारण मात्र गेले.

ते गेले यूपीआयमुळे. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये, रघुराम राजन गव्हर्नर असताना, यूपीआय जाहीर केले आणि त्या ऑगस्टपासून बँकांची ॲप लोकांच्या हाती येऊ लागली. वॉलेटने जे सुख देऊ केले होते, तेच यूपीआयने पैसे आधी भरून न ठेवता दिले. रक्कम बँकेच्या खात्यातच राहते, तिच्यावर व्याज मिळते आणि समोरच्याची बँक कोणती हे पाहावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातल्या व्यवहारांनी २००० कोटींचा आकडा ओलांडला. वॉलेट कंपन्यांचे काय झाले याचे उदाहरण म्हणून फ्रीचार्ज पाहावे: २०१५ मध्ये स्नॅपडीलने ती कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरला घेतल्याच्या बातम्या होत्या, आणि दोनच वर्षांनी ॲक्सिस बँकेने ती ३८५ कोटी रुपयांना विकत घेतली. डॉलरचे रुपये करून पाहिले की घसरण किती होती ते कळते.

याचा अर्थ वॉलेट मेले असा नाही. ते दुसऱ्याच्या दारातून आत येऊ लागले. नियमांच्या दृष्टीने आज तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एखाद्या दुकानाचे स्वतःचे, फक्त त्याच दुकानात चालणारे जमा खाते हे बंदिस्त वॉलेट. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. दुसरे, थोडक्या ओळखपत्रावर मिळणारे छोटे वॉलेट, ज्यात कोणत्याही वेळी १०,००० रुपयांहून अधिक रक्कम ठेवता येत नाही. तिसरे, पूर्ण केवायसी झालेले, २ लाख रुपयांपर्यंतचे वॉलेट. या तिसऱ्या प्रकारच्या वॉलेटांना ३१ मार्च २०२२ पर्यंत एकमेकांशी व्यवहार करता येईल अशी सोय करणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशी वॉलेट इतर कंपन्यांच्या यूपीआय ॲपलाही जोडायला मुभा दिली. परिणाम असा की केवायसी केलेल्या वॉलेटचा ग्राहक तुमचा साधा यूपीआय क्यूआर स्कॅन करून वॉलेटमधूनच पैसे देऊ शकतो. दुकानाने त्या कंपनीशी करार केलेला असण्याचे कारण नाही. यातला एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. यूपीआयमार्गे वॉलेटने दिलेल्या २००० रुपयांवरच्या व्यापारी व्यवहाराला एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यांपर्यंत आंतरबदल शुल्क, म्हणजे व्यवहारातल्या संस्थांनी एकमेकांना द्यायचे शुल्क, लागू झाले. तेव्हा 'आता यूपीआयलाही पैसे पडणार' अशी ओरड व्हॉट्सॲपवर झाली होती. ग्राहकाला काहीच पडत नव्हते आणि बँक खात्यातून होणाऱ्या व्यवहारांशी त्या शुल्काचा संबंधही नव्हता. जो काही भार होता तो व्यापाऱ्याच्या बाजूचा, आणि तोही पैसे वॉलेटमधून आले तरच.

एका वॉलेटवर दुकान टांगणे किती धोक्याचे असते ते २०२४ च्या सुरुवातीला सगळ्या देशाने पाहिले. ३१ जानेवारीला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेण्यास आणि वॉलेटमध्ये नवीन पैसे भरू देण्यास मनाई केली; आधी २९ फेब्रुवारी आणि मग मुदत वाढवून १५ मार्च ही तारीख दिली. त्यानंतर लोकांना वॉलेटमधली उरलेली रक्कम खर्च करता येत होती, भर घालता येत नव्हती. ज्या व्यापाऱ्यांचे पैसे त्याच बँकेतल्या खात्यात जमा होत, त्यांना दुसऱ्या बँकेत खाते जोडण्यासाठी धावपळ करावी लागली. ज्यांचे खाते आधीच दुसऱ्या बँकेत होते, त्यांचा क्यूआर तसाच चालू राहिला. चूक व्यापाऱ्यांची नव्हती. तरी त्रासाची वाटणी त्यांनी आधी केलेल्या निवडीनुसार झाली. ॲग्रिगेटरमार्फत दहा पर्याय घेतलेल्या दुकानात त्या दिवशी फार तर एक ओळ फिकी झाली असेल.

इथे कोणी म्हणेल की ॲग्रिगेटर तरी कुठे अमरपट्टा घेऊन आला आहे? आक्षेप रास्त आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेझरपे, कॅशफ्री यांसारख्या कंपन्यांना नवे ऑनलाइन व्यापारी घेण्यास मनाई केली होती आणि अंतिम परवाना मिळून ती उठायला पुढच्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. पण या दोन प्रसंगांत फरक आहे. ॲग्रिगेटरांच्या बाबतीत जुन्या व्यापाऱ्यांचे व्यवहार थांबले नव्हते. शिवाय मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून ग्राहकाचा पैसा ॲग्रिगेटरच्या स्वतःच्या खिशात नव्हे, तर बँकेतल्या एस्क्रो, म्हणजे वेगळ्या राखीव, खात्यात ठेवावा लागतो. कंपनीची निव्वळ मालमत्ता अर्ज करताना १५ कोटी आणि पुढे २५ कोटी रुपये असावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानातले, ऑनलाइन आणि सीमेपलीकडचे असे तिन्ही प्रकारचे ॲग्रिगेटर एकाच निर्देशाखाली आणले गेले. धोका उरतोच, पण त्याला कुंपण आहे. म्हणून दुकानदाराने पाहायची पहिली गोष्ट म्हणजे कंपनी रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का. ही यादी बँकेच्या संकेतस्थळावर असते आणि ती पाहायला पाच मिनिटे लागतात. विक्री बरी वाढली की दुसऱ्या ॲग्रिगेटरकडे खाते उघडून तयार ठेवावे. दर महिन्याला किमान शुल्क घेणारा नसेल तर त्याचा खर्च नगण्य असतो.

खाते उघडण्याची प्रक्रिया तांत्रिक कमी आणि कागदोपत्री जास्त आहे. पॅन, बँक खाते, पत्त्याचा पुरावा, असल्यास जीएसटी क्रमांक, आणि चालू असलेली वेबसाइट. अर्ज अडतात ते बहुतेक दोन ठिकाणी. घरगुती धंद्यात दुकान सूनबाईंचे, बँक खाते सासऱ्यांचे आणि वेबसाइटवर नाव तिसरेच, असा प्रकार सर्रास असतो. तपासणाऱ्याला यातला मालक कोण तेच कळत नाही. दुसरे म्हणजे वेबसाइटवरची माहिती. संपर्काचा पत्ता, माल पाठवण्याचे, रद्द करण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम, गोपनीयतेचे धोरण ही पाने ॲग्रिगेटर मागतो, आणि २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनीही यातली बरीचशी माहिती देणे व तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव लावणे अपेक्षित धरले आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी त्यात मुदत आहे. पुष्कळ जण ही पाने दुसऱ्याच्या वेबसाइटवरून जशीच्या तशी उचलतात. मोदक विकणाऱ्याच्या पानावर 'वस्तू न वापरता सात दिवसांत परत करा' असे वाचले की त्या धोरणाचा उगम एखाद्या कपड्यांच्या दुकानात आहे हे कळायला वेळ लागत नाही.

आता खऱ्या कामाकडे येऊ. ग्राहकाने मोबाइलवर 'पैसे द्या' दाबले की दुकानाचे पान बाजूला होते आणि यूपीआय किंवा वॉलेटचे ॲप उघडते. तिथे पिन घालून पैसे गेले, की ग्राहकाने पुन्हा दुकानाच्या पानावर परत यावे अशी अपेक्षा असते. तो येतोच असे नाही. फोन येतो, बॅटरी संपते, गाडी कसारा घाटात शिरते, किंवा 'पैसे गेले' हे दिसल्यावर त्याला काम झाले असे वाटते आणि तो ॲप बंद करतो. दुकानाने जर ग्राहकाच्या परत येण्यावर ऑर्डर पक्की करण्याची भिस्त ठेवली असेल, तर पैसे कट होतात आणि ऑर्डर 'प्रलंबित' राहते. ऑनलाइन दुकानाच्या फोनवर ऐकू येणाऱ्या तक्रारींचा उगम फार वेळा इथे असतो. उपाय म्हणजे ॲग्रिगेटरच्या सर्व्हरने दुकानाच्या सर्व्हरला परस्पर निरोप देणे. याला वेबहुक म्हणतात. तो चालू करणे ही सेटिंगमधली एक ओळ असते, पण ती भरायची राहून जाते, कारण चाचणी करणारा माणूस नेहमी शहाण्यासारखा पानावर परत येतो.

निरोप आला म्हणून तो खरा मानायचा का? नाही. वेबहुकचा पत्ता कळला तर कोणीही खोटा निरोप पाठवू शकतो. म्हणून ॲग्रिगेटर प्रत्येक निरोपावर एक गुप्त किल्ली वापरून सही करतो, आणि दुकानाच्या सर्व्हरने ती सही ताडून पाहायची असते. ती गुप्त किल्ली वेबसाइटच्या उघड कोडमध्ये ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी दारातच टांगणे. रक्कमही दुकानाच्या सर्व्हरने ठरवलेली असावी. ग्राहकाच्या ब्राउझरमधून आलेली रक्कम खरी मानली तर थोडी खटपट करणारा माणूस तीन हजारांची साडी तीन रुपयांत नेऊ शकतो. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, कारण दुकानाकडून पोच मिळाली नाही की ॲग्रिगेटर तो पुन्हा पाठवतो. म्हणून ऑर्डर क्रमांक आधीच पक्का झालेला असेल तर दुसऱ्यांदा पार्सल बांधायचे नाही, एवढी अक्कल प्रणालीत असायला हवी. सगळ्यात किचकट प्रकार उशिरा आलेल्या यशाचा. पंधरा मिनिटे पैसे आले नाहीत म्हणून दुकानाने ऑर्डर रद्द केली, शेवटची पेटी दुसऱ्याला विकली, आणि मग पहिल्या ग्राहकाचे पैसे आल्याचा निरोप आला. काय करायचे हे आधी ठरलेले नसेल तर पेटी एक आणि दावेदार दोन. अशा वेळी पैसे आपोआप परत पाठवून ग्राहकाला तसे कळवणे हाच सरळ मार्ग, आणि तो सुरुवातीलाच बसवून घ्यावा. ॲग्रिगेटर चाचणीसाठी खोट्या पैशांची सोय देतात. तिथे यशस्वी व्यवहार करून पाहण्यात फारसे शहाणपण नाही. मुद्दाम ॲप मध्येच बंद करून, मुद्दाम उशीर करून पाहिले पाहिजे.

पैसे ग्राहकाकडून गेले आणि दुकानापर्यंत खात्रीने पोचलेच नाहीत, तर काय? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची मुदत ठरलेली आहे. यूपीआयने व्यापाऱ्याला दिलेल्या पैशाची खात्री दुकानाला मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत गेली पाहिजे. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई. वॉलेटच्या आपल्याच जाळ्यातला व्यवहार असेल तर मुदत एकाच दिवसाची आहे. ही माहिती चेकआउटच्या पानाखाली दोन साध्या मराठी वाक्यांत लिहिली तर निम्मे संतप्त फोन कमी होतील, असे मला वाटते. कारण ग्राहकाचा राग पैसे अडकल्याचा असतो त्याहून अधिक, कोणीच काही सांगत नाही याचा असतो. परताव्याचा नियमही इथेच सांगावा: पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जायचे, ग्राहकाने वेगळे मान्य केले असेल तरच दुसरीकडे. 'रिफंड म्हणून आमच्या दुकानाचे क्रेडिट घ्या' असे परस्पर गळ्यात मारता येत नाही. बंदिस्त वॉलेट उघडायला परवानगी लागत नाही म्हणून अनेकांना हा मोह होतो. माप बदलून देताना उरलेले शे-दोनशे ठेवायला ते ठीक आहे, त्यापलीकडे नको.

मग हिशेब. ॲग्रिगेटर दिवसभराच्या ऑर्डरींचे पैसे आपले शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि त्या दिवशी दिलेले परतावे वजा करून एका रकमेत बँकेत जमा करतो. लग्नात आहेराची पाकिटे फोडून नोटा एकत्र केल्या आणि वहीत नावे लिहायची राहिली, तर जे होते तेच इथे होते: एकूण किती आले ते कळते, कोणाचे किती ते नाही. ही नावे लिहिलेली वही म्हणजे ॲग्रिगेटरचा सेटलमेंट अहवाल. तो रोज नाही तरी दर आठवड्याला उतरवून ऑर्डरींशी जुळवला नाही, तर वर्षाअखेरीस सीएच्या कार्यालयात बसून मार्च महिना काढावा लागतो. पाच वॉलेट स्वतंत्रपणे जोडली असती तर अशा पाच वह्या, पाच तऱ्हेच्या रकान्यांनी भरलेल्या. माझ्या मांडणीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे.

या सगळ्यावर व्यापाऱ्याचा खडा सवाल असतो: एवढा खटाटोप आणि शुल्क कशाला? क्यूआरचा फोटो वेबसाइटवर लावतो, ग्राहक पैसे देऊन व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवेल. हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घ्यायचे व्यवहार शुल्क (एमडीआर) शून्य आहे. तरीही ॲग्रिगेटर आपल्या सेवेचे शुल्क घेतात आणि ते पुष्कळदा यूपीआयवरही दोन टक्क्यांच्या आसपास असते. तीन हजारांच्या साडीवर ६० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७० रुपये ८० पैसे. मसाल्याच्या धंद्यात नफाच शेकड्याला पंधरा असेल तर ही रक्कम टोचणारच. म्हणून दिवसाला चार-पाच ऑर्डरी आणि त्याही ओळखीच्या माणसांच्या, अशा दुकानाने खुशाल क्यूआरवर चालवावे. त्याला वॉलेटही नको आणि ॲग्रिगेटरही. पण ओळखीचे वर्तुळ ओलांडले की स्क्रीनशॉट हा पुरावा राहत नाही. खोटा स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप मोकाट आहेत, आणि दुकानातल्या गल्ल्यावर ओरडून सांगणारा साउंडबॉक्स वेबसाइटला लावता येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात ४५० रुपयांच्या चकलीचे वीस व्यवहार खात्यात दिसतात तेव्हा कोणते कोणाचे हे डोळ्यांनी जुळवत बसणाऱ्या बाईंच्या वेळेचीही काही किंमत आहे. मधला मार्ग असा की आपल्याच बँकेकडून व्यापारी यूपीआय घ्यावा, ज्यात प्रत्येक ऑर्डरीसाठी रकमेसकट वेगळा क्यूआर तयार होतो. काही बँका तो वेबसाइटला जोडून देतात. आणि ॲग्रिगेटरचा छापील दर म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. विक्रीचे आकडे दाखवून यूपीआयपुरता दर कमी करून मागता येतो. मागणारे थोडे.

घरपोच आल्यावर रोख देण्याची मागणी करणाऱ्या ग्राहकाचे काय, या प्रश्नाला वॉलेटकडे उत्तर नाही. तो प्रश्न विश्वासाचा आहे. दार न उघडल्याने परत आलेल्या पार्सलचा दोन्ही बाजूंचा खर्च विक्रेत्याच्या माथी बसतो, तेव्हा शे-दोनशे रुपये आगाऊ ऑनलाइन घेऊन उरलेले रोख घेणे हा तोडगा बऱ्यापैकी चालतो. तेवढे पुरे.

वॉलेटच्या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद मात्र वेगळाच आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर अडखळले. अशा वेळी यूपीआयची मधली यंत्रणा अडखळते, पण वॉलेटमध्ये आधीच भरून ठेवलेला पैसा वॉलेट कंपनीच्याच जाळ्यातून व्यापाऱ्याकडे जाऊ शकतो. त्याला बँकेला विचारावे लागत नाही. एरवीही काही सरकारी आणि सहकारी बँकांची यंत्रणा महिन्याच्या सुरुवातीला दमते तेव्हा हा वेगळा रस्ता उपयोगी पडतो. कॅशबॅक आणि भेटकार्डांतून ॲमेझॉन पेसारख्या वॉलेटमध्ये पडून असलेली रक्कम ग्राहकाला 'फुकटची' वाटते आणि ती पटकन खर्च होते, हेही खरे. तेव्हा थेट वॉलेटची ओळ ठेवावी, काढू नये. फक्त ती ॲग्रिगेटरच्या यादीतून चालू करावी. त्यासाठी वेगळा करार करण्याइतका तिचा वाटा छोट्या दुकानात नसतो. आणि यादीत क्रम लावताना यूपीआय वर, मोबाइलवर थेट ॲप उघडणारा आणि संगणकावर क्यूआर दाखवणारा, अशी मांडणी असावी. ग्राहकाला स्वतःचा यूपीआय पत्ता टाइप करायला लावणे म्हणजे चुकांना आमंत्रण.

एक भीती उघड बोलली जात नाही, ती कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या आणि बंगळुरूच्या दुकानांवर 'यूपीआय नको, रोख द्या' असे कागद झळकले. रस्त्यावरच्या चहावाल्याला ती पळवाट तात्पुरती तरी होती. ऑनलाइन दुकानाला तीही नाही, कारण त्याची प्रत्येक विक्री कुरिअरच्या पावतीवर आधीच नोंदलेली असते. खरी गाठ दुसरीकडे आहे: राज्यातल्या राज्यात मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये असली, तरी करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की, हस्तकलेसारखे ठरावीक अपवाद सोडता, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. बेळगावला एक पार्सल गेले की हा नियम लागू होतो. पैसे कोणत्या बटणाने आले याने त्यात काडीचा फरक पडत नाही.

राहिला परदेशातला मराठी ग्राहक. न्यू जर्सीत किंवा दुबईत त्याला फोनमधले कार्ड टेकवून पैसे देण्याची सवय असते आणि तो तेच बटण इथेही शोधतो. पेपॅलने भारतांतर्गत व्यवहारांची सेवा एप्रिल २०२१ मध्ये बंद केली; परदेशातून येणारी रक्कम मात्र त्यातून घेता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीमेपलीकडच्या पेमेंटसाठी ॲग्रिगेटरांचा वेगळा वर्ग केला, आणि परदेशी कार्ड घ्यायचे तर आपल्या ॲग्रिगेटरकडे ती परवानगी आहे का हे विचारावे लागते. दरही देशी व्यवहाराहून चढा असतो. पण या ग्राहकाची मोठी मागणी परदेशात फराळ मागवण्याची नसून पुण्या-नाशकात राहणाऱ्या आईवडिलांकडे काहीतरी पाठवण्याची असते. त्याच्याकडे बहुधा इथल्या बँकेत एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचे) खाते असते, आणि जानेवारी २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात अशा दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवर त्या खात्यातून यूपीआय वापरायला परवानगी मिळालेली आहे. म्हणजे त्याच्यासाठी नवे वॉलेट, नवा करार, यांतले बहुधा काहीच लागत नाही. लागते ते एवढेच की ऑर्डरीच्या अर्जात पैसे देणाऱ्याचा आणि माल घेणाऱ्याचा असे दोन फोन क्रमांक वेगळे मागितलेले असावेत, आणि पहिल्या रकान्यात दहाहून अधिक आकडे बसावेत. अनेक दुकानांत ते बसत नाहीत.